खाशाबांची शताब्दी आणि पंचाची जागा

आज १५ जानेवारी. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरात १९२६ साली याच दिवशी खाशाबा दादासाहेब जाधव जन्मले. आज त्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. राज्य सरकारने हा दिवस राज्य क्रीडा दिन ठरवला आहे, त्यामुळे गावोगावी प्रतिमेला हार घातले जातील आणि खेळाडूंचे सत्कार होतील. कोल्हापूरला या दिवशी जरा जास्त हक्काने बोलता येते. खाशाबा सातारा जिल्ह्याचे खरे, पण त्यांची कुस्ती पिकली ती या शहरात. राजाराम कॉलेजात ते शिकले आणि बाबूराव बलावडे, बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली इथेच तयार झाले. १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला निघाले तेव्हा खर्चाची तजवीज कोल्हापूरच्या महाराजांनी केली. माती सोडून पहिल्यांदाच गादीवर उतरलेला हा मल्ल तिथे सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परतल्यावर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवले.

ही हकिकत आज प्रत्येक व्यासपीठावरून सांगितली जाईल, आणि ती सांगितलीच पाहिजे. पण याच हकिकतीत आणखी एक माणूस आहे. त्याच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. तो कधी हजर असून चुकला, कधी हजर असायला हवा होता आणि नव्हता. तो माणूस म्हणजे पंच, किंवा पंचासमोर जाऊन नियमाच्या भाषेत बोलू शकणारा आपला अधिकारी. खाशाबांच्या आयुष्यातली मोठी वळणे पाहिली तर डावपेच आणि ताकद यांच्याइतकाच या माणसाचा वाटा दिसतो. शताब्दीच्या दिवशी आम्हाला त्याच्याविषयी लिहावेसे वाटते.

हेलसिंकीसाठी निवड व्हायची होती तेव्हाची गोष्ट घ्या. मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास यांच्याविरुद्धच्या लढतीत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला गेला, अशी खाशाबांची तक्रार होती. एका गुणाने ऑलिम्पिकचा रस्ता बंद होत होता. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा कुस्ती लावली आणि निरंजन दास यांना खाशाबांनी चीत केले. निकालाविषयी शंका आली तर दाद मागायला एक दार उघडे होते, म्हणून देशाला ते पदक मिळाले. ते दार उघडले नसते तर आज कऱ्हाड तालुक्यातला एक चांगला पैलवान एवढीच त्यांची ओळख उरली असती.

आणि हेलसिंकीत काय झाले? कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून खाशाबा पुढे गेले. मग जपानच्या शोहाची इशीशी ती लांबलचक, दमछाक करणारी लढत झाली. ती ते हरले, आणि पुढे सुवर्णपदक इशीनेच नेले. त्या लढतीनंतर लगेचच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभे राहण्यास सांगण्यात आले. दोन लढतींच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो आयोजकांना दाखवून देईल असा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी गादीपाशी नव्हता, असे ही कथा सांगणारे सगळेच सांगतात. अंगातला दम संपलेला असताना खाशाबा उतरले आणि हरले. मम्मदबेयोवला रौप्य मिळाले. अर्धा तास मिळाला असता तर निकाल बदलला असता की नाही, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण तो अर्धा तास त्यांच्या हक्काचा होता. घर गहाण टाकून आपण मल्ल पाठवला आणि त्याच्या बाजूने नियमाचे पुस्तक उघडणारा माणूस पाठवला नाही. तेव्हाची गरिबी पाहता याचा दोष कोणा एकाला देता येणार नाही. मात्र ती उणीव आज, चौऱ्याहत्तराव्या वर्षीही, पुरती भरून निघालेली नाही, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

कोल्हापूर आपले खेळाडू तोंडपाठ सांगते. १९५९ साली दिल्लीत बंतासिंगला हरवून पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे, सीमाभागातल्या एकसंब्याचे, पण घडले आणि राहिले ते कोल्हापुरात. त्यांच्या पाठोपाठ हिंदकेसरी झालेले गणपतराव आंदळकर, ज्यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पदके आणली, १९६४ ला टोकियो ऑलिम्पिक गाठले आणि नंतर मोतीबाग तालमीत पिढ्या घडवल्या. ख्राइस्टचर्चच्या १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवणारे दादू चौगुले. युवराज पाटील आणि सतपाल यांची खासबाग मैदानातली कुस्ती पाहिलेली माणसे आजही ती डावागणिक सांगतात. पण याच शहरातल्या कुणालाही थांबवून विचारा, आयुष्यभर पंचगिरी केलेल्या पाच माणसांची नावे सांगा. उत्तर द्यायला वेळ लागेल. ज्यांनी पंधरा-वीस वर्षे मैदानात खेळून, गुडघे झिजल्यावर घरी न बसता शिट्टी हातात घेतली, अशी माणसे प्रत्येक पेठेत आहेत. त्यांच्याशिवाय एकही साखळी स्पर्धा पुरी होणार नाही आणि एकही मैदान निकालाला जाणार नाही. सत्काराच्या यादीत मात्र ती बहुधा नसतात.

पंचाचे काम किती उघड्यावरचे असते हे समजून घ्यायचे तर खासबागेत जावे. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, तेव्हा त्यांनी रोमचे जुने मैदान पाहिले. तसे गोल, उतरत्या बैठकीचे मैदान आपल्या कुस्तीसाठी असावे हे त्यांच्या मनाने घेतले आणि १९१२ साली खासबाग उभे राहिले. उद्घाटनाला गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली. या मैदानाची रचना अशी की हजारो माणसांत शेवटच्या पायरीवर बसलेल्यालाही हौद्यातली लाल माती स्पष्ट दिसते, मध्ये खांब नाही, आडोसा नाही. महाराजांनी प्रेक्षकाला दिलेली ही देणगी होती. पण तीच रचना पंचाला एक क्षणही लपू देत नाही. हलगी-घुमक्याच्या कडकडाटात, शड्डूच्या आवाजात, दोन्ही मल्लांच्या भोवती फिरणारा तो एक माणूस प्रत्येक डोळ्यासमोर असतो.

मातीवरच्या कुस्तीत गुणफलक नाही. पाठ टेकली की नाही, एवढा एकच प्रश्न. पण तो पाहायला सोपा नाही. मातीत लोळणाऱ्या दोन शरीरांच्या खाली, धूळ उडत असताना, खांद्याची पाती जमिनीला लागली की कूस लागली, हे पाहायला पंचाला गुडघ्यावर बसून, कधी पोटावर झोपून बघावे लागते. धोबीपछाड बसली की सगळे मैदान एकदम उठते. पंचाला मात्र त्या आरोळीने हलून चालत नाही. वरचा मल्ल जिंकला असे लोकांनी ठरवून टाकलेले असते आणि खालचा अजून मानेच्या पुलावर पाठ उचलून असतो. अशा वेळी हात वर न करता थांबणे, आणि ते हजारोंसमोर थांबणे, याला लागणारे धैर्य कुस्ती खेळण्याच्या धैर्याहून कमी नाही. म्हणून तर जुन्या काळापासून नावाजलेल्या, निवृत्त मल्लांनाच मोठ्या कुस्त्यांना पंच म्हणून बोलावण्याची रीत आहे. जो स्वतः त्या पुलावर मान मोडेपर्यंत थांबला आहे, त्याच्या शब्दाला वजन येते. जोड नेमतानाही त्याचाच सल्ला घेतात. दोन पोरांची वजने जुळतात, पण एकाचा दम कच्चा आहे, ही कुस्ती आज नको, हे सांगणारा तोच असतो. त्या एका वाक्याने किती माना आणि किती गुडघे वाचले असतील याचा हिशेब कुठेच लिहिलेला नाही.

गादीवरची पंचगिरी वेगळी. तिथे एकट्याचा निर्णय नसतो. गादीवर उभा रेफरी, कडेला जज आणि टेबलापाशी मॅट चेअरमन, तिघांपैकी दोघांचे एकमत झाले की गुण लागतो. रेफरीच्या एका मनगटावर लाल पट्टी, दुसऱ्यावर निळी. ज्या रंगाच्या मल्लाला गुण द्यायचा तो हात आणि तितकी बोटे वर. ताबा घेतला तर दोन, उभ्याने उचलून धोक्याच्या स्थितीत टाकले तर चार, रेषेबाहेर ढकलले तर एक. निर्णय पटला नाही तर प्रशिक्षकाला चॅलेंज टाकता येते. चित्रफीत पाहून निकाल होतो, आणि चॅलेंज फसले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. वाचायला हे सरळ वाटते. पण मातीत उभे आयुष्य काढलेल्या किती वस्तादांनी पन्नाशीनंतर हे सारे नव्याने शिकून परीक्षा दिल्या, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना त्या जिद्दीचे मोल ठाऊक आहे. नियम दर काही वर्षांनी बदलतात. खेळाडू निवृत्त होतो, पंच मात्र विद्यार्थीच राहतो.

आता शाहू स्टेडियमकडे वळू. फुटबॉलचा हंगाम ऐन भरात आहे. कोल्हापूरचा फुटबॉल हा तालमींच्या पोटातून आलेला खेळ, आणि ही गोष्ट देशात इतरत्र सहसा दिसत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावेच सांगतात की या मंडळांचे मूळ जोर-बैठकांच्या आखाड्यात आहे. त्यांच्या सोबत शिवाजी तरुण मंडळ आहे, प्रॅक्टिस क्लब आहे, फुलेवाडी आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ गटात सोळा संघ, आणि प्रत्येक संघामागे एक पेठ, एक गल्ली, शे-दोनशे घरे. पोरगा चालायला लागल्यापासून त्याला आपला संघ ठरवावा लागत नाही, तो घरातूनच मिळतो. याच मातीतून अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा रिक्षाचालकाचे पोर दिल्लीच्या मैदानात उतरलेले पाहून सारे शहर दूरचित्रवाणीसमोर बसले होते.

अशा शहरात पंच होणे म्हणजे काय, याचा विचार करावा. सगळे एकमेकांना ओळखतात. पंच कोणत्या तालमीकडून खेळला, त्याचा भाऊ कुठे खेळतो, त्याची सासुरवाडी कोणत्या पेठेत, हे गॅलरीला तोंडपाठ असते. पेनल्टी दिली की पहिला प्रश्न नियमाचा येत नाही, पेठेचा येतो. ‘ओ पंच, डोळं हाईत न्हवं?’ इथपासून सुरू होऊन ते आईबहिणीपर्यंत जाते. सामना संपल्यावर हाच माणूस त्याच गल्लीतून, त्याच लोकांच्या समोरून घरी जातो, दुसऱ्या दिवशी त्यांच्याच दुकानात साखर घ्यायला जातो. मानधनातून घर चालत नाही. नव्वद मिनिटे चेंडूच्या मागे पळायचे, चाळिशीतल्या पायांनी विशीतल्या पायांच्या बरोबर राहायचे. वरच्या दर्जाच्या सामन्यात पंच दहा किलोमीटरच्या आसपास धावतो. कडेच्या पंचाने बचावातल्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या ओळीत सतत राहायचे, कारण ऑफसाइड अर्ध्या पावलाचा असतो आणि पंच अर्धे पाऊल मागे राहिला की सगळे चुकते.

यात जी कला आहे ती शिट्टी वाजवण्यात कमी आणि न वाजवण्यात जास्त आहे. पाय लागला, पण चेंडू आपल्याच माणसाकडे गेला आणि पुढे मैदान मोकळे आहे. तिथे शिट्टी फुंकली तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याचेच नुकसान. म्हणून हात पुढे करून खेळ चालू ठेवायचा आणि चेंडू बाहेर गेल्यावर दोषी खेळाडूला बोलवायचे. दोन पोरे एकमेकांकडे पाहू लागली आहेत, तिसऱ्या मिनिटाला काहीतरी होणार, हे ज्याला आधी कळते तो पळता पळताच दोघांना नावाने हाक मारतो, एखादा शब्द बोलतो, आणि पिवळे कार्ड खिशातच राहते. हे कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत. ते वीस वर्षे स्वतः मार खाऊन आणि मार देऊन अंगात मुरते. म्हणूनच जो खेळला आहे त्याने पंच व्हावे, आणि पंच झालेल्याने आपण खेळाडू होतो हे विसरू नये, असे आम्ही म्हणतो.

आपल्यासारखीच पेठेवर जगणारी खेळसंस्कृती जगात दुसरीकडेही आहे, आणि तिच्याकडे पाहिले की आपल्याला काय जमू शकते हे दिसते. आयर्लंडमध्ये मायकेल क्युसॅक नावाच्या शिक्षकाने काही सोबत्यांसह १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावच्या एका हॉटेलात गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन केली. इंग्रजांच्या खेळांपुढे आपले देशी खेळ मागे पडत होते. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे त्यांतले मुख्य. आज डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात अंतिम सामन्याला ऐंशी हजारांवर माणसे बसतात, आणि मैदानात खेळणाऱ्या एकालाही पगार मिळत नाही. सोमवारी कोणी शाळेत शिकवायला जातो, कोणी शेतात, कोणी बँकेत. जन्मलेल्या गावाच्या, परगण्याच्या संघाकडून खेळायचे, हा शिरस्ता. तिथला माणूस लहानपणी गावच्या संघात येतो, तरुणपणी खेळतो, पाय थकले की पोरांना शिकवतो, मग शिट्टी घेतो, आणि म्हातारपणी फाटकावर तिकिटे फाडतो. खेळातून तो कधी बाहेर पडतच नाही. तिथल्या एका प्रथेने आमचे विशेष लक्ष वेधून घेतले. गोलखांबांपाशी पांढरे डगले घालून चार सहायक उभे असतात, गोल झाला तर हिरवा झेंडा, एक गुण झाला तर पांढरा. हे चौघे पंचाने स्वतः निवडलेले असतात, अनेकदा त्याचेच मित्र, भाऊ, गावकरी. पंच एकटा जात नाही, आपली माणसे घेऊन जातो. तिथेही पंचाला शिव्या बसतात, तिथेही कधीमधी अंगावर जाण्याचे प्रकार होतात, आणि पंचांचा मान राखा म्हणून संघटनेला मोहिमा चालवाव्या लागतात. पण पंच होणे ही खेळाडूच्या आयुष्याची पुढची पायरी आहे, हे तिथे समाजाने मानले आहे.

आपल्याकडे काय चालले आहे? जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती गटात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत बाहेरच्या टांगेला चार गुण दिले गेले. वाद पेटला. गंगावेश तालमीत तयार झालेल्या सिकंदरवर अन्याय झाला अशी कोल्हापुरात अनेकांची भावना होती, आणि ती मांडण्याचा त्यांना हक्क होता. पण त्या लढतीच्या पंचाला फोनवर धमकी दिली गेली आणि प्रकरण पोलिसांत गेले. दोन वर्षांनी, २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला, गादी गटात पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चीत झाल्याचा निर्णय शिवराज राक्षेला मान्य झाला नाही. खांदे टेकलेच नव्हते असे त्याचे म्हणणे होते. फेरतपासणीची मागणी झाली, आणि मग सगळ्या महाराष्ट्राने दूरचित्रवाणीवर पाहिले ते घडले. दोन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या मल्लाने पंचाला लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड निर्णय न पटल्याने मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली.

त्या निर्णयांतला कोणता बरोबर आणि कोणता चूक, हा निवाडा या स्तंभातून आम्ही देणार नाही. पंच चुकतो. मद्रासला चुकला असेल, अहिल्यानगरला चुकला असेल. पण खाशाबांनी मद्रासच्या पंचाला लाथ मारली नाही. ते पतियाळाच्या महाराजांकडे गेले, आणि त्यांनी पुन्हा कुस्ती मागितली. आज फेरतपासणीसाठी कॅमेरे आहेत, चॅलेंज आहे, अपील समिती आहे. हे मार्ग नेमके कधी वापरायचे, कुणाला वापरता येतात, निकाल जाहीर झाल्यावर काय करता येते, हे मल्लाला आणि त्याच्या वस्तादाला पाठ हवे. ते नसले की संताप पायात उतरतो. आयोजकांचीही यात जबाबदारी आहे. राज्याची सर्वांत मोठी स्पर्धा भरवताना मांडव, बक्षिसाची गाडी, पाहुण्यांची आसने यांवर जितका विचार होतो, त्याच्या निम्मा तरी विचार कॅमेरा कुठे असावा आणि फेरतपासणी कोणी करावी यावर व्हायला हवा. शंका निर्माण झाल्यावर ती तिथेच, सर्वांसमोर, चित्रफीत दाखवून मिटवली, तर पंचही सुटतो आणि मल्लही.

फुटबॉलमध्ये कोल्हापूरने आपल्याच मैदानावर याहून वाईट दिवस पाहिले आहेत. प्रेक्षकांच्या हुल्लडीने सामने थांबले, दगड पडले, मैदानाबाहेर पेठा एकमेकांवर धावून गेल्या, पोरांवर गुन्हे नोंदले गेले. नोकरीच्या अर्जावर तो गुन्हा आडवा आलेली पोरे याच शहरात आहेत. प्रत्येक वेळी ठिणगी पंचाच्या एखाद्या निर्णयाची होती असे नाही, पण बहुतेक वेळा पंच हेच निमित्त झाले. ज्या तालमीने आपल्याला घडवले तिच्या नावावर हे होते, याची लाज तालमीतल्या थोर मंडळींना वाटते, हे आम्ही जाणतो. त्यांनी ती लाज पोरांना बोलून दाखवली पाहिजे.

कोल्हापूरकडे यासाठी लागणारे सारे आहे. माणसे आहेत. प्रत्येक तालमीत तिशी-पस्तिशीत खेळ सोडलेले दहा-वीस जण संध्याकाळी कट्ट्यावर बसून आजच्या पंचाचे काय चुकले ते अगदी बिनचूक सांगत असतात. त्यांना खेळ कळतो. त्यांच्यातल्या दोघांनी तरी दरवर्षी पंचाच्या परीक्षेला बसावे आणि फी तालमीने भरावी. एखाद्या महागड्या बाहेरच्या खेळाडूवर होणाऱ्या खर्चापुढे ती रक्कम काहीच नाही. ज्या तालमीचा एकही माणूस पंच नाही तिने पंचाविरुद्ध अर्ज करताना थोडे थांबावे, असे आम्ही आग्रहाने सुचवू. घरातलाच एक जण मैदानात शिट्टी घेऊन उभा राहिला, तर गॅलरीतली भाषा आपोआप बदलेल. त्याच्या आईला त्या शिव्या कशा लागतात हे शेजाऱ्यांना कळेल.

मुलींचाही विचार याच वेळी व्हावा. आपल्या शाळा-महाविद्यालयांत फुटबॉल आणि कुस्ती खेळणाऱ्या मुली वाढत आहेत. खेळ सुटला की त्यांचा मैदानाशी संबंध संपतो. तो संपण्याचे कारण नाही. शेजारच्या गोव्यातल्या उवेना फर्नांडिस आधी खेळाडू होत्या. मग त्या पंच झाल्या आणि २०१६ साली जॉर्डनमध्ये झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात त्यांनी सहायक पंच म्हणून काम केले. भारताचा संघ त्या स्पर्धेत नव्हता. भारताची पंच होती. कोल्हापूरची मुलगी अशी जाऊ शकते.

महापालिका, जिल्हा परिषद आणि स्पर्धांना चषक देणारी राजकीय मंडळी यांच्याकडेही आमचे एक मागणे आहे. चषकावर नाव असते, मंडप असतो, अंतिम सामन्याला लाखांची बक्षिसे असतात. त्यातला एक हिस्सा पंचांच्या विम्यासाठी बाजूला काढावा. दगड लागला, गुडघा फिरला, तर आज पंच स्वतःच्या खिशातून दवाखान्याचे बिल भरतो. सामना संपल्यावर त्याला घरापर्यंत सुखरूप पोहोचवण्याची जबाबदारी आयोजकाने लेखी घ्यावी. आणि आज, खाशाबांच्या शताब्दीच्या दिवशी, जिथे जिथे खेळाडूंचे सत्कार होतील तिथे एका जुन्या पंचाला बोलवावे. त्याला शाल नको, दोन मिनिटे बोलू द्यावे. आपण घेतलेला सर्वांत कठीण निर्णय कोणता आणि तो का घेतला, एवढे त्याने पोरांना सांगावे.

स्वप्नील कुसाळे या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या पोराने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य मिळवले. खाशाबांच्या बहात्तर वर्षांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले ते पुन्हा याच परिसराने दिले. पुढचे पदक आणणारा मल्ल किंवा पुढचा अनिकेत आज कुठल्यातरी तालमीत घाम गाळतो आहे. त्याच्याबरोबर परदेशात जाणाऱ्या पथकात, नियमाचे पुस्तक पाठ असलेला, गादीपाशी उभे राहून ‘याला अर्धा तास द्या’ असे ठणकावून सांगणारा माणूस कोल्हापूरचा का असू नये?

हंगाम मे-जूनपर्यंत चालेल. मग पाऊस येईल, शाहू स्टेडियम बंद होईल, खासबागेत पाणी साठेल. ते चार महिने तालमींचे हॉल संध्याकाळी रिकामेच असतात. त्याच काळात कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने फुटबॉलच्या आणि तालीम संघाने कुस्तीच्या पंचांसाठी वर्ग भरवावेत. शिकवायला जुने पंच आहेत, जागेचे भाडे नाही, आणि सामन्यांच्या चित्रफिती आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आहेत. वरिष्ठ गटातल्या सोळा संघांनी दोन-दोन माणसे दिली तर पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी शहराला बत्तीस नवे पंच मिळतील. नोंदणी कोणत्या तालमीने आधी केली, हे छापायला आमच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.